घरचा ७.२ किलोवॅटचा चार्जर: अकरा महिन्यांचा हिशोब आणि अर्थिंगचा खड्डा

इलेक्ट्रिक गाडी (ईव्ही) २०२४ च्या दसऱ्याला आली, तिचा घरचा चार्जर दिवाळीनंतर लागला. रिव्ह्यू सहा महिन्यांनी लिहायचा ठरवलं होतं, पण नेमका सहाव्या महिन्यात चार्जर बंद पडला आणि पुढचे सहा आठवडे त्याच्या मागे धावण्यात गेले. रागाच्या भरात लिहायचं नव्हतं म्हणून थांबले. राग अजून पुरता गेलेला नाही, पण आकडे आता हातात आहेत.

चार्जरचे गुण इथे सांगत बसत नाही, सगळे साधारण सारखेच असतात. ७.२ किलोवॅट, सिंगल फेज, ३२ अँपिअर. आमचा गाडीबरोबर आला. ‘चार्जर आणि बसवणं फुकट’ असं शोरूममध्ये सांगितलं होतं. कागदावर मात्र फुकट केबल १५ मीटरपर्यंतच होती. आमची मीटर रूम इमारतीच्या पुढच्या टोकाला आणि माझं पार्किंग मागच्या भिंतीशी. टेप धरून मोजलं तर केबलच्या मार्गाने ४१ मीटर. उरलेल्या २६ मीटरना ८५० रुपये मीटरने २२,१०० झाले, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २६,०७८ रुपये. चार्जरवरचा जीएसटी १ ऑगस्ट २०१९ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आलाय, पण तो चार्जरपुरता. चार्जरपर्यंत जाणाऱ्या तांब्यावर पूर्ण १८ टक्के द्यावे लागतात, आणि खरा खर्च त्या तांब्याचाच असतो.

वहीतला बाकीचा हिशोब असा. अर्थिंगचा खड्डा, म्हणजे गळती वीज जमिनीत उतरवायला पाइप पुरलेला खड्डा, ४,५००. एमसीबी (प्रवाह जास्त झाला की बंद पडणारा स्विच), आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा) आणि पेटी ५,२००. लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट ३,५००. स्वतंत्र मीटरची सुरक्षा ठेव आणि जोडणीचा खर्च मिळून ८,९००. केबलसाठी दोन भिंतींना भोकं (कोअर कटिंग) २,४००. बेरीज ५०,५७८. शिवाय सोसायटीकडे परतीच्या बोलीवर १०,००० अनामत.

अनुदानाबद्दल मला बऱ्याच जणांनी विचारलंय, म्हणून नीट सांगते. घरच्या खासगी चार्जरला मला एक रुपयाही मिळाला नाही. केंद्राच्या फेम-२ या ईव्ही अनुदान योजनेत चार्जिंगसाठी १,००० कोटी होते. १ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालेल्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत २,००० कोटी आहेत. दोन्ही ठिकाणचा पैसा सार्वजनिक चार्जरसाठी. आयकरात कलम ८०ईईबी खाली ईव्हीच्या कर्जाच्या व्याजावर दीड लाखापर्यंत वजावट मिळायची, पण त्यासाठी कर्ज ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेलं हवं होतं. आमचं त्यानंतरचं. बँकेने चार्जरची जास्तीची केबल गाडीच्या कर्जात धरायला नकार दिला, कारण ती गाडीच्या बिलात नव्हती. तुम्ही अजून बुकिंगच्या टप्प्यावर असाल तर बसवण्याचा खर्च गाडीच्या बिलातच लावता येतो का, हे शोरूमला आधी विचारा. नंतर विचारून उपयोग होत नाही.

एक वाट मात्र आहे, आणि आमच्या सोसायटीने ती अजून धरलेली नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण सोसायट्यांना सामायिक वापराच्या सोलरसाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. त्या सामायिक वापरात ईव्ही चार्जिंग स्पष्टपणे धरलंय. आमच्या गच्चीवर टाक्यांशिवाय काही नाही. मी सर्वसाधारण सभेत विषय काढला तर चर्चा लिफ्टच्या देखभालीवर गेली. पुढच्या सभेत पुन्हा काढणार आहे.

सोसायटीच्या एनओसीचं (ना-हरकत पत्राचं) थोडक्यात. गाडी यायच्या आधीपासून धरून चार महिने. ‘ताई, आग लागली तर जबाबदार कोण?’ हा सेक्रेटरींचा एकच प्रश्न, आणि तो चुकीचा नव्हता. मी आरसीसीबीचं बिल, टेस्ट रिपोर्ट आणि फेब्रुवारी २०२४ ची वीज ग्राहक हक्क नियमांतली दुरुस्ती छापून नेली. ईव्ही चार्जिंगसाठी ग्राहकाला स्वतंत्र जोडणी घेता येते असं त्यात लिहिलंय. कागद वाचल्यावर त्यांनी सही केली. त्यानंतरचं मीटर हे अख्ख्या प्रकरणातलं सगळ्यात सोपं काम निघालं. मी महिनाभर हेलपाटे घालायची तयारी ठेवली होती, मीटर सातव्या दिवशी भिंतीवर होतं.

स्वतंत्र मीटर का, हेही सांगते. घरचा वापर महिन्याला १८० युनिटच्या आसपास आणि गाडीचा १७५. एकाच मीटरवर घेतलं असतं तर ३०० ची हद्द ओलांडली असती. २०२४-२५ या आर्थिक वर्षात १०० ते ३०० युनिटला दहा रुपयांच्या वर आणि त्यापुढे चौदा रुपयांच्या वर दर होता. ईव्हीच्या मीटरला स्लॅब नाही. माझं गाडीचं बिल स्थिर आकार धरून १,६०० ते १,८०० येतं. बाहेरच्या फास्ट चार्जरवर मी युनिटला १८ ते २४ रुपये दिलेत, त्यावर जीएसटी वेगळा.

पहिले पाच महिने काहीच तक्रार नव्हती. रात्री अकराला केबल लावायची आणि सकाळी डबा भरता भरता ॲपवर ८० टक्के बघायचं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी बघते तर ३४ टक्के. चार्जरवर लाल दिवा, ॲपवर ‘अर्थ फॉल्ट’, म्हणजे अर्थिंगमध्ये दोष. एमसीबी खाली-वर केला तर पुन्हा सुरू, आणि वीस मिनिटांनी पुन्हा बंद. पुढे हे रोजचं झालं. ऑफिसला जायला गाडी हवी आणि ती अर्धीच भरलेली. दोनदा सकाळी साडेसहाला फास्ट चार्जर शोधत फिरले.

चार्जर कंपनीचा माणूस तक्रारीनंतर नवव्या दिवशी आला. मीटर लावून म्हणाला, ‘मॅडम, न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज ८.८ येतंय. पाचच्या आत पाहिजे. तुमची अर्थिंग खराब आहे, आमचा चार्जर बरोबर आहे.’ न्यूट्रल-अर्थ म्हणजे वीज परत नेणारी न्यूट्रल तार आणि जमिनीला जोडलेली अर्थची तार यांच्यातला व्होल्टेजचा फरक. भेट शुल्क जीएसटीसह १,१८०. चार्जर वॉरंटीत आहे म्हटलं तर म्हणे, दोष चार्जरचा नसल्यामुळे भेट वॉरंटीत बसत नाही. खड्डा त्याच कंपनीने पाठवलेल्या ठेकेदाराने खणला होता. त्या ठेकेदाराला फोन केला. तो म्हणाला, ‘ताई, माझं काम पाच महिने व्यवस्थित चाललं ना? चार्जरचं बोर्ड गेलं असणार.’ चार आठवडे मी या दोघांच्या मधे उभी होते. दोघांचं मिळून एकदाच येणं काही झालं नाही.

मधल्या काळात मी केबलच्या मागे लागले. आमची केबल तांब्याची, ६ चौरस मिलिमीटर. बसवताना १० चौरस मिलिमीटरचा पर्याय होता, पण त्यात फुकटच्या १५ मीटरची सवलत जायची आणि ४१ मीटरचे १,२५० रुपयांनी ५१,२५० व्हायचे, शिवाय कर. मी नाही म्हटलं होतं. आता वाटायला लागलं की सगळं त्या कंजुषीमुळे झालं. म्हणून वही घेऊन बसले. ६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याचा रोध किलोमीटरला साधारण ३.०८ ओहम. ४१ मीटरवर ३२ अँपिअर ओढले की एका तारेत चार व्होल्ट जातात. जाऊन-येऊन आठ. म्हणजे गाडी चार्ज होत असताना भिंतीतली केबल अडीचशे वॅटच्या वर नुसती तापत असते. साडेतीन टक्के वीज गाडीत न जाता भिंतीत.

हे बघून मी हादरले होते. मग रुपयांत मांडलं. महिन्याला १७५ युनिटमागे सहा युनिट, म्हणजे साठ-बासष्ट रुपये. जाड केबल घेतली असती तर यातले पंचवीस-सव्वीस वाचले असते, वर्षाला तीनशे. तेवढ्यासाठी कंपनीला दुपटीहून जास्त पैसे देणं परवडलं नसतं. तेव्हा पैशापुरता माझा निर्णय बरोबरच होता. चूक दुसरीकडे होती. मी पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या बाजारात, तपकीर गल्लीत, चौकशी केली नव्हती. मे महिन्यात गेले तेव्हा तीच १० ची आर्मर्ड (धातूच्या कवचाची) केबल ६२० रुपये मीटरने मिळत होती. ४१ मीटर, करासह तीस हजारांच्या आत. टाकायची मजुरी वेगळी, पण तरी कंपनीच्या पातळ केबलपेक्षा फार महाग नाही. आज पुन्हा करायचं असतं तर फुकटची १५ मीटर सोडून दिली असती आणि केबल स्वतः आणली असती.

आणि मग २० मेनंतर पाऊस सुरू झाला. २०२५ मध्ये मान्सून मे संपायच्या आतच आला, आठवत असेल. दोन दिवस मुसळधार झालं आणि तिसऱ्या रात्री गाडी ८० टक्क्यांपर्यंत बिनतक्रार चार्ज झाली. चौथ्या रात्रीही. कोणी कशाला हात लावला नव्हता.

मामांना फोन केला. मामा आयुष्यभर एका कारखान्यात वायरमन होते, आता सत्तरीत आहेत. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, ‘अगं, खड्ड्यात पाणी कधी घातलंस?’

कधीच नाही. घालायचं असतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मामा पुढच्या रविवारी आले, कांद्याची भजी खाऊन झाल्यावर खड्ड्याचं झाकण उचललं. आत पाइपच्या तोंडाशी नरसाळं नाही, खड्ड्यात मीठ-कोळशाचा थर नावापुरता, आणि खड्डा पार्किंगच्या शेडखाली, जिथे पावसाचं पाणी थेट पोचतच नाही. भोवतालच्या जमिनीत पाणी मुरलं तेव्हा कुठे ओल आली होती. कोरड्या मातीतून वीज नीट जात नाही. इमारतीतल्या फ्रिज, गिझर, पंपांचा बारीकसारीक गळता प्रवाह अर्थमध्ये येतो, त्याला जमिनीत उतरायला वाट मिळाली नाही की अर्थच वर चढतो. पाऊस येण्याआधीच्या आकड्यांत हे स्पष्ट दिसत होतं. गाडी न लावतासुद्धा न्यूट्रल-अर्थ ४.८ व्होल्ट होते. त्यात चार्जिंगच्या वेळी केबलच्या न्यूट्रल तारेत जाणारे चार मिळाले की ८.८. चार्जर बरोबर होता, म्हणजे तो सुरक्षेचं काम करत होता. त्याबद्दल मी त्याला केलेली शिवीगाळ मागे घेते.

मामांनी खड्डा उकरून नवीन मीठ-कोळसा भरला, नरसाळं बसवलं. सामान १,१०० रुपये. नंतर गाडी न लावता ०.८ व्होल्ट, ३२ अँपिअरवर ४.८. पाचच्या आत, पण जेमतेम. म्हणून मामांनी दुसरी गोष्ट सांगितली, ‘३२ कशाला ओढतेस? रात्रभर गाडी उभीच असते ना?’

हा प्रश्न मी गाडी घेताना स्वतःला विचारायला हवा होता. माझं रोजचं जाणं-येणं ४५ किलोमीटर. त्याला सात युनिट लागतात. ७.२ चा चार्जर ते तासाभरात देतो, पण मला तर सकाळी सातपर्यंत आठ तास असतात. ॲपमध्ये प्रवाह १६ वर आणला. आता दोन तास लागतात. न्यूट्रल-अर्थ तीनच्या आत. केबलमध्ये वाया जाणारी वीजही निम्मी झाली. कारण प्रवाह अर्धा झाला की तापणं चौथाईवर येतं, वेळ मात्र दुप्पट लागतो. जूनपासून एकदाही लाल दिवा लागलेला नाही. माझ्यासारख्या वापराला १६ अँपिअरचा साधा औद्योगिक सॉकेट, चांगला आरसीसीबी आणि नीट खड्डा एवढ्यात काम झालं असतं, बहुतेक निम्म्या पैशांत. लांबचे प्रवास करणाऱ्यांनी, किंवा एका चार्जरवर दोन गाड्या असणाऱ्यांनी ७.२ घ्यावा. बाकीच्यांनी आधी रोजचे किलोमीटर मोजावेत.

पैशांचं म्हणाल तर ५०,५७८ वसूल झाले. आधीची पेट्रोल गाडी महिन्याच्या ११०० किलोमीटरला साडेसात हजारांचं पेट्रोल घ्यायची. विजेचे १,७०० वजा करून पाच हजार आठशेच्या आसपास सुटतात. नवव्या महिन्यात रक्कम भरून निघाली, बाहेरच्या चार्जिंगचे ते सहा आठवडे धरले तर दहाव्यात.

तिसऱ्या मजल्यावरचे काका आता ईव्ही घेताहेत. परवा त्यांच्याबरोबर टेप धरला, त्यांचं अंतर २७ मीटर भरलं. त्यांना खड्डा शेडबाहेर, तुळशीवृंदावनाशेजारी घ्यायला सांगितलंय. तिथे रोज पाणी पडतंच. टेस्ट रिपोर्टवर अर्थ रोधाचा आकडा लिहून घ्या, नुसतं ‘योग्य’ असं लिहिलेलं चालवून घेऊ नका, हेही सांगितलं. माझ्या रिपोर्टवर तो रकाना कोरा आहे आणि मी तेव्हा सही केली होती.

आमच्या खड्ड्यात मी मार्चपासून दर रविवारी दोन बादल्या पाणी घालणार आहे. मोबाइलवर आठवण लावून ठेवलीय. भेट शुल्काचे १,१८० मी लेखी परत मागितलेत. खड्डा कंपनीच्याच ठेकेदाराने केला होता, त्याचं बिल जोडलंय. तक्रार जून महिन्यापासून ‘प्रक्रियेत’ दिसते. दर सोमवारी फोन करते.