काचेची टाकी की अंगणातली नांद? विदर्भातल्या गावात मासे पाळायचे तर

दुकानदार पहिल्यांदा विचारतो, "कोणते मासे दाखवू?" आपल्याकडे हा प्रश्न शेवटचा ठेवावा. मे महिन्यात घर किती तापतं, लाइन किती वेळ जाते आणि पाणी कुठलं येतं, हे आधी बघायचं. काचेची टाकी घ्यायची की अंगणात सिमेंटची नांद बसवायची हे त्यावरच ठरतं, आणि मासेही त्यावरूनच ठरतात. पुण्या-मुंबईकडचा सल्ला इथं निम्माच लागू पडतो. त्यांच्या घरांना नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ होरपळणारे दिवस, ठाऊक नाही.

तिसरा पर्याय म्हणजे टेबलावरचं काचेचं गोल भांडं. त्यात पाणी जेमतेम काही लिटर आणि वर तोंड अरुंद. दुकानात छान दिसतं, पण घेऊ नका.

तुलनेसाठी मापं धरू. टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. सेंटिमीटरमध्ये 60 × 30 × 30, भागिले हजार, म्हणजे 54 लिटर. खाली रेती आणि वर थोडी मोकळी जागा सोडली तर खरं पाणी 45 लिटरच्या आसपास. नांद तीन फूट लांब, दोन फूट रुंद, दीड फूट खोल. तिच्यात आरामात 200 लिटर राहतं. पुढचा बहुतेक फरक या दोन आकड्यांतूनच निघतो.

ऊन सगळ्यात आधी. पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. 20 अंशांना लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम, 35 अंशांना 7च्या जवळपास. त्याच वेळी गरम पाण्यात माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढते. म्हणजे नुकसान दोन्हीकडून. टिनाच्या खोलीत ठेवलेली 45 लिटरची टाकी खोलीइतकी तापायला फार वेळ घेत नाही. कवेलूचं घर असेल, किंवा ज्या खोलीत कूलर लागतो तिथेच टाकी असेल, तर ती उन्हाळा काढते. आपला उन्हाळा कोरडा असल्याने एक सोपा उपाय चांगला चालतो: झाकण काढून वर जाळी टाकायची आणि छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर सोडायचा. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. बर्फाचे खडे टाकू नका, एकदम झालेला बदल माशांना उन्हापेक्षा वाईट.

नांदेचं गणित जागेवर आहे. कडुनिंबाखाली, घराच्या उत्तर किंवा पूर्व बाजूला, निम्मी जमिनीत गाडलेली नांद दुपारी चारलाही हात घातला तर तळाशी गार लागते. तीच नांद पश्चिमेच्या भिंतीला लागून उघड्यावर ठेवली तर पाणी न्हाणीच्या हंड्यातल्यासारखं होतं. झाड नसेल तर वर हिरवी शेडनेट आणि पश्चिमेकडून तुराट्यांचा ताटवा हवाच. सकाळचं दोन-तीन तासांचं कोवळं ऊन मिळालं तर चांगलं, वनस्पतींना तेवढं पुरतं.

लाइनच्या बाबतीत माझा कौल सरळ नांदेला आहे. दिवसाचं लोडशेडिंग फार त्रासदायक नाही. खरी अडचण अवकाळीच्या वादळात तार तुटते आणि रात्रभर अंधार राहतो तेव्हा. भरगच्च टाकीतले मासे मग पहाटे वर येऊन पाण्याच्या कडेला तोंड उघडझाप करायला लागतात. पहाटेच का, तर रात्रभर वनस्पती आणि शेवाळसुद्धा प्राणवायू वापरतात, देत काहीच नाहीत. अशा वेळी मगाने पाणी उचलून हातभर उंचीवरून परत ओतत राहायचं, आणि लाइन येईपर्यंत खायला घालायचं नाही. बॅटरीवरचा हवेचा पंप मिळतो, टाकीवाल्याने तो घेऊन ठेवावा. नांदेत पाण्याचा पृष्ठभाग मोठा आणि मासे कमी, म्हणून ती पंपाविनाही चालते. टाकीचा वीजखर्च मात्र लोक उगाच मोठा समजतात. 10 वॅटचा फिल्टर चोवीस तास चालला तरी महिन्याला सात युनिट.

आता पाणी. इथं नांद मागे पडते. टाकीचं दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलायचं म्हणजे बादलीभर. नांदेचं पाणी मात्र उन्हाळ्यात नुसतं उडतं. पातळी एक सेंटिमीटर उतरली तरी साडेपाच लिटर गेले. ज्या गावात एप्रिलपासून टँकरची वाट बघावी लागते, तिथं नांद भरत बसणं शेजाऱ्यांनाही बरं वाटणार नाही. तिथं टाकीच घ्या. आणि दोन्हींत एक लक्षात ठेवा, उडालेल्या पाण्याची नुसती भर घालत राहिलं तर क्षार आत साठत जातात, कारण वाफ फक्त पाण्याची होते. काचेवर पांढरी रेघ दिसते ती त्याचीच. म्हणून थोडं जुनं पाणी काढून मगच नवं घालायचं. काढलेलं पाणी सांदवाडीतल्या वांग्या-मिरच्यांना द्या, त्यात नत्र असतं.

बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं. अकोला, बुलडाणा, अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात तर खारंच. अशा पाण्याशी झगडण्यात अर्थ नाही, त्याला मानवणारे मासे घ्या. गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल यांना जड पाणीच आवडतं आणि मॉलीला थोडा खारेपणाही चालतो. निऑन टेट्राला मऊ पाणी लागतं, तो आपला नाही. ग्रामपंचायतीच्या नळाचं पाणी असेल तर ब्लीचिंग पावडरचा वास आला की सावध व्हा, क्लोरीनने कल्ले जळतात. उघड्या बादलीत दिवसभर ठेवून मग वापरा.

आणि ती बादली फवारणीची नको. पऱ्हाटीवर मारायची औषधं, त्यातही पायरेथ्रॉइड गटातली, माशांना अत्यल्प प्रमाणातही मारतात. बादली तीनदा धुतली तरी भरवसा नाही. नांद शेताला लागून असेल तर फवारणीच्या दिवशी ताडपत्रीने झाका. घरातली टाकीही सुटत नाही: डासांच्या अगरबत्तीत आणि लिक्विडमध्ये त्याच गटातली रसायनं असतात, आणि हवेचा पंप खोलीतली हवाच ओढून पाण्यात सोडतो. टाकीच्या खोलीत ती लावू नये.

सफाईत दोन्हीकडे एकच घोळ दिसतो. दर पंधरा दिवसांनी सगळं पाणी फेकायचं, रेती नळाखाली घासायची, फिल्टरमधला स्पंज पिळायचा आणि मग मासे मेले की माशांना दोष द्यायचा. माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया निघतो. त्याचं आधी नायट्राइट, मग बरंच कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू रेतीत आणि स्पंजमध्येच राहतात. नव्या टाकीत ते बसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि क्लोरीनच्या नळाखाली स्पंज धुतला की बरेचसे मरतात. स्पंज धुवायचाच तर टाकीतून काढलेल्या पाण्यात. सुरुवात चार-पाच माशांनी करा, बाकीचे महिन्या-दीड महिन्याने. खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच. आपलं पाणी बहुधा अल्कधर्मी आणि गरम, त्यात अमोनिया जास्त विषारी ठरतो, म्हणून इथं ही शिस्त अधिकच लागते.

नव्या सिमेंटचं वेगळं काम आहे. त्यातून चुना सुटतो आणि पाण्याचा पीएच, म्हणजे अल्कधर्मीपणा, चढतो. दोन-तीन आठवडे पाणी भरा, फेका, पुन्हा भरा. गोठ्यातली जुनी, वापरून मुरलेली नांद मिळाली तर ही कटकट वाचते.

हिवाळ्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा 10 अंशांच्या आसपास जातो. टाकीत थर्मोस्टॅटचा हीटर लावला की प्रश्न मिटला. नांदेत पाणी जास्त म्हणून ते सावकाश गार होतं, पण होतंच. रात्री वर पोतं टाका, दुपारी उन्हं येऊ द्या. त्या काळात गप्पी सुस्त राहतात, खाणं कमी करा.

बघण्याची मजा? त्यात टाकीची बरोबरी नाही. नांदेत तुम्हाला माशांच्या पाठी दिसतात, आणि पाणी हिरवं झालं तर तेवढ्याही नाही. पोरांना मासा बाजूने बघायचा असतो, आजोबांना खाटेवरून. हेच मुख्य कारण असेल तर टाकी घ्या, पण समपातळीच्या भक्कम स्टँडवर आणि खाली थर्माकोल टाकून, कारण रेती-काचेसकट ती सत्तर किलोंच्या घरात जाते. आत गप्पी-मॉली, किंवा एक नर फायटर. फायटर आणि गुरामी पृष्ठभागावरची हवाही घेतात, लाइन गेली तरी तग धरतात. दोन नर फायटर एकत्र नकोत. गोल्डफिश स्वस्त मिळतो, पण तो थंड पाण्याचा, मोठा होणारा आणि भरपूर घाण करणारा. 45 लिटरमध्ये त्याचे हाल होतात. वास्तूसाठी म्हणून अरोवाना सुचवणाऱ्याला आधी त्याचं पूर्ण वाढलेलं माप विचारा.

नांदेत गप्पीच. डासांच्या अळ्या खातात, म्हणून हिवतापाच्या कामात आरोग्य विभागही हेच मासे सोडतो. मादी साधारण महिन्याने पिल्लं देते, तेव्हा पाच-सहा जोड्या खूप झाल्या. वरून जाळी लागेल; खंड्या, मांजर आणि पाणदिवड तिघांचाही डोळा असतो. नाल्यातून पोरांनी आणलेलं मरळचं पिल्लू मात्र आत टाकू देऊ नका, महिनाभरात तेवढंच उरेल.

मग घ्यायचं काय? टिनाचं घर, बेभरवशाची लाइन आणि विहिरीला बारमाही पाणी असेल तर नांद. कूलरची खोली, इन्व्हर्टर आणि मोजकं पाणी असेल तर टाकी. दोन्ही जमत असतील तर मी आधी नांद करीन आणि तिच्यातल्याच पिल्लांवर पुढे टाकी भरीन.

मासे नवरात्र ते दिवाळीच्या दरम्यान आणा. थंडीआधी पाणी मुरतं आणि एसटीत पिशवी तापत नाही. नांदेला वरच्या कडेखाली जादा पाण्याचं भोक ठेवून त्याला बारीक जाळी बसवा, नाहीतर श्रावणातल्या पहिल्या मोठ्या पावसात गप्पी नाल्यात आणि तिथून तलावात जातील. एकदा तिथं वाढले की परत काढता येत नाहीत.