नाळ बँकेत, की आपलं नाव यादीत?

आमच्या थोरलीचं नाळेतलं रक्त, त्यातल्या नवं रक्त बनवणाऱ्या मूळ पेशींसाठी, बँकेत गोठवून ठेवलंय, धाकट्याचं नाही. दोन्ही करून झालंय म्हणून असेल, पण बायकोला सातवा लागला की ‘आम्हीही ठेवावं का?’ विचारायला मित्र मला फोन करतात. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

थोरलीच्या वेळी, २०१६ साली, डोहाळजेवणाआधीच बँकेच्या प्रतिनिधीचा फोन आला. ‘८० आजारांवर इलाज, तोही बाळाच्याच पेशींतून!’ हप्ते बांधून मोकळे झालो. त्यातले बरेच आजार रक्ताचे आणि जन्मजात, हे नंतर कळलं. थॅलेसेमिया असेल तर तोच दोष नाळेतल्या पेशींतही असणार, मग त्या परत देऊन काय होणार? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७च्या मार्गदर्शक सूचनांनाही स्वतःसाठीच्या साठवणीला शास्त्रीय आधार दिसत नाही. सभासदांनी एकमेकांना रक्त खुलं करायचं, ती सामुदायिक बँक त्या मानाने बरी.

तरी धाकट्याच्या वेळी रक्त गोळा करायचं बँकेचं किट घरात आलंच होतं. आमच्या डॉक्टर म्हणाल्या, “मी नाळ मिनिटभर तरी कापत नाही. ते रक्त बाळाला हवं असतं.” जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते. प्रतिनिधीला कळवलं तर तो म्हणाला, “सर, मॅडमना नाळ जरा लवकर क्लॅम्प करायला सांगा ना, नाहीतर पिशवी भरत नाही.” इथे माझं डोकं फिरलं. पोराच्या अंगात जाऊन लोह वाढवणारं रक्त अडवायचं आणि उणे १९६ अंशांत ठेवायचं, कधीतरी लागेल म्हणून! किट परत केलं. थांबून उरलेलं गोळा करता येतं म्हणतात, पण पेशी कमी मिळतात.

त्याऐवजी आम्ही दोघांनी ‘दात्री’ या रक्ताच्या मूळ पेशी देणाऱ्या दात्यांच्या नोंदणीत नावं घातली. वय १८ ते ५० मध्ये हवं. गालाच्या आतून बोळा फिरवला, सह्या केल्या, झालं. कुणा रुग्णाशी पेशींची जुळणी झाली तर काही दिवस इंजेक्शनं आणि मग प्लेटलेट देतात तसं हातातून पेशी देणं, एवढंच.

टाटा मेमोरियलमध्ये देशातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण, म्हणजे रुग्णाला अशाच मूळ पेशी देणं, १९८३ साली झालं. रक्ताच्या आजारांवरचा हा उपचार पक्का आहे. ऑटिझम बरा करू म्हणणाऱ्या जाहिराती त्यात धरू नका. आपल्याकडे अडतं ते जुळणाऱ्या दात्यापाशी. सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के, आणि घरात मुलं एक किंवा दोन. आई-वडिलांच्या अर्ध्या जुळणीवरही आता प्रत्यारोपण होतं, पण बाहेरचा दाता लागलाच तर भारतीय रुग्णाला तो बहुधा भारतीयांतच सापडणार.

एक अपवाद मात्र मानतो. आधीच्या मुलाला थॅलेसेमिया असेल, तर धाकट्याची नाळ खरंच मोलाची ठरू शकते. उल्हासनगरच्या सिंधी कुटुंबांनी किंवा कच्छी-लोहाणांनी, जिथे या आजाराचे वाहक (स्वतः आजारी नसून दोष मुलांना देऊ शकणारे) जास्त आहेत, माझं ऐकण्याआधी दोघांची रक्ततपासणी करून घ्यावी.

थोरलीच्या वाढदिवसाला बँकेचा शुभेच्छांचा मेसेज न चुकता येतो, खाली नव्या योजनेची लिंक. ‘दात्री’कडून अजून बोलावणं आलेलं नाही, अनोळखी नंबर मात्र मी हल्ली उचलतो.