बँकेचे चार्जेस परत मिळवायला गेले आणि माझंच खातं रिकामं झालं

गेल्या गणेश चवथीची गोष्ट. आईचं गोव्यात डिचोलीला एका प्रायव्हेट बँकेत सेविंग खातं आहे, बाबांनी उघडून दिलेलं, ती त्यात फार काही ठेवत नाही. चवथीच्या सामानाला म्हणून दादाने मुंबईहून ६,००० पाठवले, आई काढायला गेली तर खात्यात ५,०७२. पासबुक मशीनमध्ये घालून आणलं आणि बघते तर दर तीन महिन्यांनी ५९० कापलेले, चार वेळा. मिनिमम बॅलन्स नाही म्हणून ५०० दंड आणि वर ९० जीएसटी. होते ते १,४३२ संपले, मग खातं मायनसमध्ये गेलं, उणे ९२८, आणि दादाचे पैसे आल्याआल्या बँकेने त्यातून आधी स्वतःचे वळते करून घेतले. आईला एक मेसेज नाही, कारण खात्याला नंबर बाबांचा, आणि बाबा गेल्यावर तो आम्ही बंद केला होता.

शाखेत गेले तर "सिस्टिम कापते मॅडम, आमच्या हातात काही नाही". मला एवढा राग आला की रात्री सोशल मीडियावर बँकेला टॅग करून सगळं लिहून टाकलं, बँकेचं नाव, डिचोली शाखा, २,३६० रुपये, माझी आई विधवा आहे हेसुद्धा. दहा मिनिटांत बँकेच्या लोगोवाल्या अकाउंटवरून मेसेज आला, सॉरी मॅडम, तुमचा नंबर द्या. दिला मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. आई नेवऱ्या तळत होती, मी लाटत होते, हाताला मैदा म्हणून फोन स्पीकरवर. चांगल्या मराठीत बोलला, "ताई, डिचोली शाखा ना? आईंचे २,३६० मंजूर झालेत." मला वाटलं शाखा माहितीये, रक्कम माहितीये, म्हणजे बँकेचाच माणूस. अहो, ते सगळं मीच आदल्या रात्री लिहिलेलं! आईचं खातं मायनसमध्ये गेलं होतं म्हणून रिफंड तुमच्या खात्यात टाकतो म्हणाला आणि व्हॉट्सॲपवर "रिफंड फॉर्म" पाठवला. नावाच्या शेवटी एपीके, म्हणजे तो फॉर्म नव्हताच, फोनमध्ये बसणारं ॲप होतं. फोनने वॉर्निंग दिली, तर म्हणाला हे बँकेचं आतलं ॲप आहे, प्ले स्टोअरवर नसतं, अलाऊ करा. हात पुसून मी केलं. त्यात कार्ड नंबर, पिन, सगळं भरलं.

ओटीपी मी कुणालाही सांगितला नाही, छातीवर हात ठेवून सांगते. सांगायची गरजच नव्हती, त्या ॲपला मेसेज वाचायची परवानगी मी स्वतः दिली होती. १९,९९९, मग १५,०००, मग ४,५००. कढईतला घाणा निघेपर्यंत ३९,४९९ गेले. आई विचारत होती काय झालं, माझ्या तोंडातून शब्द फुटेना.

शेजारच्या मुलाने आधी फोन फ्लाइट मोडवर टाकला आणि आईच्या फोनवरून १९३० लावून दिला, ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन, म्हणून १५,००० पुढच्या खात्यात होल्ड झाले, म्हणजे अडकवून ठेवले. १९३० हा नंबर आत्ताच घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये सेव्ह करा, कारण पैसे मिनिटामिनिटाला एका खात्यातून दुसऱ्यात पळतात. मग बँकेत कार्ड बंद, लेखी तक्रार, रायबंदरला सायबर पोलिसांकडे तक्रार. बँक म्हणते पिन तुम्ही दिला. नियमही तसाच आहे, आपण स्वतः माहिती दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतर गेलं तर बँकेचं.

आणि जे मला आधी माहीत असायला हवं होतं ते आता ऐका. हे चार्जेस परत मागायला एक रुपया लागत नाही, कुठलं ॲप नाही, एजंट नाही, वकील नाही. मिनिमम बॅलन्सबद्दल रिझर्व्ह बँकेचे नियम १ एप्रिल २०१५ पासून आहेत, दंड लावायच्या आधी ग्राहकाला कळवून महिनाभर मुदत द्यायची, आणि नुसत्या दंडामुळे सेविंग खातं मायनसमध्ये जाता कामा नये. आईचं तर उणे ९२८ पासबुकावर छापलेलं! मी साध्या कागदावर अर्ज लिहिला, चारही तारखा घातल्या, पासबुकाची झेरॉक्स जोडली, आणि शिक्का मारून पोच घेतल्याशिवाय काउंटरवरून हलले नाही. तोंडी बोलण्याला काही अर्थ नाही, पोच हवीच. ३० दिवस उत्तर नाही, म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी बघतो त्याच्याकडे, ऑनलाइन तक्रार टाकली, फुकट असते, साइट सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन, आणि पत्ता स्वतः टाईप करा, गुगलवर शोधून येईल त्या लिंकवर किंवा नंबरवर जाऊ नका. काही अडलं तर रिझर्व्ह बँकेच्या १४४४८ या नंबरवर विचारता येतं.

त्यानंतर शाखेतून आपणहून फोन आला. २,३६० पूर्ण जमा झाले. आईचं खातं आता बेसिक सेविंगमध्ये बदलून घेतलंय, त्याला मिनिमम बॅलन्सची अट नाही, आणि नंबर तिचा स्वतःचा घातलाय. पासबुकातली ती जमा एन्ट्री आईने चष्मा लावून दोनदा वाचली आणि मग हळूच विचारलं, "आणि तुझे गो?" होल्डवरचे १५,००० सोडवायला मला कोर्टाची ऑर्डर आणायला सांगितली, त्याच्या फेऱ्या चालू आहेत. बाकीचे २४,४९९ आलेले नाहीत.