पाहुण्या गुरूंची कार्यशाळा की नेहमीचा कथकचा क्लास?

नाशिकमध्ये कथक शिकणाऱ्यांच्या घरी सुट्टी लागली की हा विषय निघतोच. मुंबई-पुण्याचे, कधी थेट लखनौ-जयपूरचे गुरू येतात आणि तीन-चार दिवसांची कार्यशाळा घेतात. तिथे पैसे घालायचे, की कॉलेज रोडच्या नेहमीच्या क्लासलाच जादा तास लावायचे?

प्रवेशिका ही सुरुवातीच्या टप्प्यातली परीक्षा पूर्ण होईपर्यंत तरी माझं मत क्लासच्या बाजूने आहे. तत्कारात, म्हणजे बोलांवर पाय टाकण्याच्या मूळ सरावात, ‘आ थेई थेई तत’ला डावा पाय आधी पडायला हवा आणि मुलगी हटकून उजवा टाकते. ही सवय दर आठवड्याला समोर बसणाऱ्या ताईच मोडू शकतात. भरलेल्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेतले पाय पाहुण्यांना दिसतसुद्धा नाहीत.

पुढची मध्यमा परीक्षा झाली की गोष्ट वेगळी. तोडे-परण या बोलांच्या रचना पाठ असतात, पण ठाटात, म्हणजे नाचाच्या सुरुवातीच्या डौलदार पवित्र्यात, उभं कसं राहायचं, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, नजर कुठे टाकायची, हे जाणत्याला करताना बघूनच अंगात येतं. त्यात साथीला तबला असेल तर सोन्याहून पिवळं. क्लासमध्ये लेहरा, म्हणजे ताल धरून ठेवणारी फिरती धून, बहुधा मोबाइलवर वाजतो. त्याच्या मागे कसंबसं धावत राहिलं तरी निभावतं. तबलजी समोर बसला की तीनतालाच्या १६ मात्रांत आपण नेमकी कुठे घाई करतो, ते लगेच उघडं पडतं.

घराणंही बघा. जयपूरचा भर पायांच्या कामावर आणि चक्करांवर, लखनौचा भावावर आणि नजाकतीवर. हस्तकही, म्हणजे हातांच्या हालचालीही, थोडे बदलतात. गांधर्व महाविद्यालय मंडळाची परीक्षा तोंडावर असेल तर ही सरमिसळ नकोच. आणि ताईंना विचारूनच जा. नाशकात अशा गोष्टी लपत नाहीत.

पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाऊन शिकणं हा तिसरा पर्याय. मध्यमानंतरच्या विशारद परीक्षेच्या पुढे, एकट्याने शिकवणी मिळणार असेल तरच. नाहीतर दिवस गाडीतच जातो.

कार्यशाळेचं ठरलंच, तर नाव नोंदवण्याआधी विचारा: किती जणी असतील, तबला आहे का, पढंत (तोंडाने म्हटलेले बोल) रेकॉर्ड करू देतात का, आणि हेच गुरू पुन्हा कधी येणार? पुन्हा येणार असतील तर मधल्या काळात शिकलेलं ताईंसमोर घोटून घेता येतं. एकदाच येऊन जाणारे असतील, तर चार रचनांच्या मागे न लागता एकच नीट पदरात पाडून घ्या.