आधी पाणी, मग कामाचं बोलणं : कुमासीची चार दिवसांची सहल

मुलगा घानात, आक्राजवळच्या तेमा बंदरात नोकरीला आहे. आम्ही दोघं दीड महिना त्याच्याकडे राहायला गेलो, तेव्हा त्याने आमची नावं कुमासीच्या सहलीत घातली. चार दिवस, तीन मुक्काम, आठ प्रवासी, एक गाडी, चालक आणि कुमासीचाच एक वाटाड्या. अशांती लोकांचा मुलूख, गावोगावचे प्रमुख, राजवाडा, विणकरांचं गाव असा बेत. ही सहल जरूर करा. पैसे भरण्याआधी मात्र कंपनीला दोन गोष्टी स्पष्ट विचारून घ्या. त्या पुढे सांगतेच.

आक्रा ते कुमासी अंतर अडीचशे किलोमीटर, पण आम्हाला सात तास लागले. पहिला दिवस त्यातच गेला. खरी सहल दुसऱ्या सकाळी, एजिसूच्या बाजूच्या एका लहान गावच्या प्रमुखाच्या वाड्यात सुरू झाली.

गाडीत असतानाच वाटाड्याने आम्हाला रीत समजावली होती. डावा हात पुढे करायचा नाही. माणसं रांगेत बसलेली असतील तर उजव्या टोकापासून एकेकाला भेटत जायचं. प्रमुखाशी थेट बोलायचं नाही. मध्ये ओच्यामे, म्हणजे प्रमुखाच्या वतीने बोलणारा माणूस असतो, त्याच्याशी बोलायचं. आणि रिकाम्या हाताने जायचं नाही, श्नॅप्सची बाटली न्यायची. इथे आमची अडचण झाली, कारण ह्यांच्या गळ्यात माळ आहे, दारूच्या बाटलीला हात कसा लावणार? वाटाड्याने कसलाही आडपडदा न ठेवता सांगितलं, ही पिण्यासाठी नाही, पूर्वजांचं नाव घेऊन जमिनीवर ओतण्यासाठी आहे. म्हणजे आपल्याकडे तर्पण करतात तसंच. बाटली त्याने स्वतःच्या हातात ठेवली, हे नमस्कार करून बसले, कुणालाही अवघडल्यासारखं झालं नाही. हे समजून घेणारा माणूस बरोबर होता म्हणूनच मी ह्या सहलीला इतकी मोठी शाबासकी देते.

आत गेलो तेव्हा दोन शेतकऱ्यांचा बांधाचा वाद चालला होता. आम्ही पाऊण तास थांबलो, आणि मला ते आवडलं. आमच्यासाठी कुणी नाच ठेवला नव्हता, त्यांचं रोजचं काम चालू होतं. मग बसायला खुर्च्या दिल्या, प्यायला पाणी दिलं, आणि पाणी पिऊन झाल्यावरच ‘अमान्ने’ विचारलं. अमान्ने म्हणजे कशासाठी आलात, काय निरोप आणलात. आधी पाणी, मग कामाचं बोलणं. माझी आजी उन्हातून आलेल्या माणसाला गूळ-पाणी दिल्याशिवाय एक प्रश्न विचारायची नाही, तिची आठवण झाली.

मी मुलाकडून चार इंग्रजी वाक्यं पाठ करून गेले होते. मी बोलायची, वाटाड्या ते त्वी भाषेत ओच्यामेला सांगायचा, ओच्यामे ते नीट सजवून प्रमुखाला सांगायचा. प्रमुखाला इंग्रजी उत्तम कळत होतं, तरी क्रम मोडला नाही. ओच्यामेच्या काठीच्या टोकाला सोनेरी मुलामा दिलेली एक कोरीव मूठ होती आणि मुठीत अंडं. सत्ता अंड्यासारखी असते : फार आवळली तर फुटते, सैल धरली तर पडते. काठी माझ्यापासून हातभर अंतरावर होती. अंगठ्याजवळचा मुलामा झिजून खालचं लाकूड दिसत होतं.

प्रमुखाला सगळे ‘नाना’ म्हणतात. राजाला नाना, राजमातेला नाना, आजी-आजोबांनाही नाना. आमच्या घरात माझे थोरले दीर नाना, त्यामुळे मला ती हाक मारायला शिकावी लागली नाही. त्यांनी विचारलं, तुमच्याकडे काय पिकतं? आम्ही कांदा आणि द्राक्षं सांगितली. त्यांच्याकडे कोको. मग माझा जन्मवार विचारला. गुरुवार म्हटल्यावर माझं नाव पडलं ‘या’. तिथे प्रत्येकाला जन्मवाराचं एक नाव असतंच. शुक्रवारचा मुलगा कोफी, शनिवारचा क्वामे. आपल्या भाषेत ‘या’ म्हणजे अगत्याने बोलावणं, हे मी सांगितलं आणि ओच्यामेने ते सगळ्यांना पुन्हा समजावून सांगितलं.

निघताना वाटाड्याने अजून एक गोष्ट उलगडली. घानाच्या 1992 च्या राज्यघटनेने ह्या प्रमुखांच्या संस्थेला मान्यता दिली आहे, पण गादीवर असताना त्यांनी पक्षाच्या राजकारणात पडायचं नाही. आणि गादी बापाकडून मुलाला जात नाही, आईच्या कुळातून जाते. मामाची गादी भाच्याला मिळू शकते, मुलाला नाही. नाव सुचवायचा पहिला मान राजमातेचा.

दुपारी कुमासीतला मान्हिया राजवाडा. इंग्रजांनी राजा प्रेम्पे पहिला ह्याला 1896 मध्ये पकडून नेलं, पुढे सेशेल्स बेटांवर ठेवलं आणि 1924 मध्ये परत येऊ दिलं. त्याच्यासाठी 1925 मध्ये हे घर बांधलं. त्याची पूर्ण किंमत चुकती केल्यावरच प्रेम्पेने ते घेतलं. 1900 मध्ये इंग्रज गव्हर्नरने अशांतींचं सुवर्णासन मागितलं, तेव्हा एजिसूची राजमाता ‘या’ असान्तेवा लढाईला उभी राहिली. ती 1921 मध्ये सेशेल्सलाच वारली. गुरुवारची ‘या’. हे ऐकल्यावर मला सकाळी मिळालेलं नाव एकदम जड वाटायला लागलं. त्या आसनावर राजाही बसत नाही, त्यात सगळ्या लोकांचा प्राण आहे अशी श्रद्धा आहे. ते राजवाड्याच्या संग्रहालयात दिसत नाही, तेव्हा ते बघण्याच्या आशेने जाऊ नका.

बघायचं ते दुसरंच. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट आणि ब्रिटिश म्युझियमने 2024 मध्ये मिळून 32 वस्तू इथे पाठवल्या, त्यातल्या बऱ्याच इंग्रजांनी लढायांत लुटून नेलेल्या. पण पाठवल्या त्या तीन वर्षांच्या बोलीवर, उसन्या. मी त्या काचेसमोर उभी राहिले आणि मला साताऱ्याचं संग्रहालय आठवलं. त्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमधून, त्याच वर्षी, तीनच वर्षांच्या बोलीवर आलेली वाघनखं आम्ही तिथे रांग लावून पाहिली होती. शेजारी उभ्या असलेल्या कुमासीच्या एका शिक्षिकेला मी हे मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. तिने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

रविवारी अक्वासिदे होतं. दर सहा आठवड्यांनी एका रविवारी हा दिवस येतो. पूर्वजांचं स्मरण करतात आणि राजा, ओतुम्फो ओसेई तुतू दुसरे, लोकांसमोर बसतात. मोठमोठ्या छत्र्या सतत खालीवर हलत असतात, ढोल असे की छातीत वाजतात, आणि एकेक प्रमुख आपल्या माणसांसह येऊन मुजरा करून जातो. हे बघायला मिळालं ह्यात मी धन्य झाले. पण कंपनीने माहितीपत्रकात ‘राजाशी भेट’ असं छापलं होतं, ते बरोबर नाही. आम्ही लांबून पाहिलं, अडीच तास, आणि माझ्या गुडघ्यांना खुर्चीची सोय नव्हती. ‘दर्शन’ म्हणा, ‘भेट’ म्हणू नका. पहिली विचारायची गोष्ट हीच.

आता बोनवायरे, विणकरांचं गाव. माझं माहेर येवल्याचं. वडिलांचा पैठणीचा माग घरातच होता, धोट्याच्या आवाजात मी अभ्यास केला आहे. म्हणून ह्या गावात मी गाडीतून उतरले ती चपला काढूनच. केंते, म्हणजे इथलं पट्ट्यांचं कापड, विणतात तो माग अरुंद, लाकडी चौकटीचा. विणकर त्यात बसतो आणि ताणा त्याच्यासमोर कितीतरी हात लांब पसरलेला असतो. त्याचं दुसरं टोक एका फळीला बांधलेलं आणि फळीवर दगड. कापड जसं विणून होतं तशी ती फळी धुळीत रेघ ओढत इंचाइंचाने त्याच्याकडे सरकते. पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात तो एक चकती धरतो, तिला दोरी. पाय दाबला की अर्धे धागे खाली जातात आणि धोटा पलीकडे. पट्टी फक्त चार बोटं रुंद. अशा वीसहून जास्त पट्ट्या शेजारी शेजारी शिवल्या की पुरुषाचं एक वस्त्र होतं, आणि सगळ्या पट्ट्यांवरचे चौकोन एकमेकांना जुळावे लागतात. मी विचारलं, माप कुठे लिहिता? त्याने बोट कपाळाला लावलं. माझे वडील हेच करायचे.

त्या गावची गोष्ट अशी की दोघा भावांनी रानात कोळ्याला जाळं विणताना पाहिलं आणि ते विणायला शिकले. प्रत्येक नमुन्याला नाव आहे. एकाचं नाव होतं ‘फातिया न्क्रूमांना शोभते’, घानाच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीवरून. 1966 मध्ये न्क्रूमांची सत्ता गेली आणि त्याच नमुन्याला लोक म्हणू लागले ‘एकटा माणूस देश चालवत नाही’. पूर्वी बायकांनी मागावर बसायचं नाही असा दंडक होता. मला मात्र त्या विणकराने स्वतः उठून बसायला जागा दिली. मी सहा धागे टाकले. सैल पडले, त्याने ते उसवले नाहीत.

मी एक पट्टी घेतली. भाव थेट विणकराशी केला, आणि तुम्हीही तसंच करा. कारण माझी खरी तक्रार इथेच आहे. बोनवायरेहून आम्हाला एन्तोन्सोला जायचं होतं, जिथे झाडाच्या सालीचा काळा रंग उकळून, भोपळ्याच्या कवटीत कोरलेल्या ठशांनी कापडावर आदिन्क्रा चिन्हं छापतात. त्याआधी गाडी रस्त्यातल्या एका मोठ्या दुकानापाशी तासभर उभी केली. तिथे सगळा यंत्रावर छापलेला माल. वाटाड्या गप्प झाला, त्याच्या हातात ते नव्हतं, हुकूम आक्रातून आलेला. एन्तोन्सोत मग जेमतेम वीस मिनिटं उरली. कढईतली साल ढवळणाऱ्या आजींशी मला बोलायचं होतं, तेही राहिलं. तेव्हा दुसरी गोष्ट : वाटेत दुकानं किती, हे लेखी घ्या.

शेवटच्या सकाळी बोसुम्त्वे तलाव. उल्केच्या आघाताने झालेला, आपल्या लोणारसारखाच, पण विवर दहा किलोमीटरच्या वर रुंद आणि पाणी गोडं. मेलेल्यांचे आत्मे इथे देवाचा निरोप घ्यायला येतात असं मानतात, आणि पाण्याला लोखंड लागू द्यायचं नाही अशी जुनी रीत, म्हणून कोळी लाकडाच्या फळीवर पालथे पडून हाताने पाणी मारत जातात.

शाकाहाऱ्यांचं जमतं. चवळीची उसळ आणि तळलेली पिकी केळी, त्याला रेड-रेड म्हणतात; शेंगदाण्याच्या सुपात फुफू. पण सुपात मासळी असते, दरवेळी विचारा. पिवळ्या तापाच्या लसीचा दाखला लागतोच. श्नॅप्सची बाटली सहलीच्या पैशांत धरलेली नसते. आणि अक्वासिदेचा रविवार आधी बघून मगच तारीख ठरवा.

कंपनीला मी पत्र लिहिलं आहे : दुकान काढून टाका, तो तास एन्तोन्सोला द्या, आणि वाटाड्याचा पगार वाढवा. पट्टी मी येवल्याला भावाच्या मागाजवळ खिळ्याला टांगली आहे. तो रोज तिची उलटी बाजू निरखून बघतो आणि मला फोन करून नवीन प्रश्न विचारतो.