पैठणीच्या वेबसाइटवर क्रेडिट कार्ड: एका लग्नसराईनंतरचा अनुभव

आमचं दुकान येवल्यात. हातमागावरच्या पैठण्या घरच्या आणि ओळखीच्या विणकरांकडून विणून घेतो, दुकानात विकतो आणि स्वतःच्या वेबसाइटवरही विकतो. गेल्या तुळशीच्या लग्नानंतर साइटवर क्रेडिट कार्ड सुरू केलं. अख्खी लग्नसराई त्यावर काढली, आता दिवाळीची तयारी चालू आहे. ओळखीचे व्यावसायिक पहिल्यांदा विचारतात, "फी किती कापतात?" ते सांगतोच. पण वर्षभर मला जास्त छळलं ते वेगळ्याच प्रश्नाने: कार्डाचे पैसे आपले झाले असं नक्की कधी धरायचं? साडी मागावरून उतरली की विणकराचे पैसे त्याच दिवशी द्यावे लागतात. त्याने आधी उचल घेतलेली असते, घर त्यावर चालतं. कार्डाच्या पैशांचा हिशोब मात्र महिनोन् महिने उघडा राहतो.

साइटवर कार्डाचे पैसे घेऊन आमच्या खात्यात जमा करणारी कंपनी म्हणजे पेमेंट गेटवे. तिचं नाव लिहीत नाही. दर आणि नियम थोड्याफार फरकाने सगळीकडे तेच आहेत, आणि मला सांगायचं आहे ते कार्डाबद्दल.

आधी फी. भारतीय क्रेडिट कार्डावर आम्हाला २ टक्के लागतात आणि त्या फीवर १८ टक्के जीएसटी. १८,००० रुपयांची साडी गेली की ३६० रुपये फी, ६४ रुपये ८० पैसे कर, आणि खात्यात येतात १७,५७५ रुपये २० पैसे. परदेशी कार्डावर ३ टक्के, म्हणजे त्याच साडीचे १७,३६२ रुपये ८० पैसे. जीएसटी नोंदणी असेल तर फीवरचा कर इनपुट क्रेडिटमध्ये मिळतो, म्हणजे आपण भरायच्या जीएसटीतून वजा होतो, तेव्हा गेटवेचं दर महिन्याचं बिल उतरवून सीएकडे द्यायला विसरू नका. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराला एमडीआर, म्हणजे पेमेंटमागे कापली जाणारी फी, शून्य आहे. मग कार्ड कशाला? कारण यूपीआयची सर्वसाधारण मर्यादा दिवसाला १ लाखाची, आणि लग्नाचा बस्ता बांधणारं घर चार-पाच पैठण्या एकदम घेतं. शिवाय न्यू जर्सीतली मुलगी नाशिकच्या आईला साडी पाठवते तेव्हा तिच्याकडे तिथलं कार्डच असतं. आमच्यासारख्या महाग, मोजक्या मालाला ही फी परवडते. दोनशे रुपयांच्या वस्तू विकणाऱ्याने यूपीआयवर भागवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

खातं उघडताना पॅन, गुमास्ता, उद्यम नोंदणी, रद्द केलेला चेक एवढं लागलं. साइटवर पत्ता, फोन, परतीचे नियम, डिलिव्हरीची मुदत आणि गोपनीयतेचं पान हवंच, त्याशिवाय मंजुरी अडकते. यात एका गोष्टीवर नीट लक्ष द्या. ग्राहकाच्या कार्डाच्या स्टेटमेंटवर तुमचं कोणतं नाव छापून येणार? आमची नोंदणी वडिलांच्या नावाच्या फर्मची, दुकानाच्या पाटीवर वेगळंच नाव. महिन्याअखेरीस स्टेटमेंट बघणाऱ्याला फर्मचं नाव ओळखीचं वाटत नाही आणि तो सरळ बँकेला कळवतो, "हा खर्च माझा नाही." गेटवेला लिहून आम्ही दुकानाचं नाव घालून घेतलं. वर ऑर्डरच्या मेसेजमध्येही स्टेटमेंटवर काय दिसेल ते लिहितो.

पेमेंटचं पान गेटवेचंच ठेवलं आहे. ग्राहक आमच्या साइटवरून तिकडे जातो, कार्ड तिकडे टाकतो, पैसे भरून परत येतो. कार्डाचा आकडा आमच्या साइटला दिसतच नाही. छोट्या दुकानाने याहून वेगळं काही करू नये. पीसीआय डीएसएस नावाचे सुरक्षेचे नियम आहेत, त्यांचा भार यामुळे खूप हलका होतो. तसंही १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने दुकानदाराला कार्डाचा आकडा साठवता येत नाही, त्याच्या जागी टोकन, म्हणजे एक पर्यायी कोड, वापरतात. काही मावश्या प्रेमाने फोन करतात, "दादा, नंबर सांगते, तुम्हीच टाका ना." त्यांना हात जोडून नाही म्हणतो आणि लिंक पाठवतो.

पेमेंट अडायचं सगळ्यात जास्त येणारं कारण मला आधी कळतच नव्हतं. काकू कार्ड टाकतात, शिल्लक मर्यादा भरपूर असते, तरी नकार येतो. झालंय असं की ऑक्टोबर २०२० पासून नवीन कार्ड ऑनलाइन व्यवहारासाठी बंदच येतं. एटीएममध्ये आणि दुकानातल्या मशीनवर चालतं, ऑनलाइन वापर मात्र ग्राहकाने स्वतः सुरू करायचा. फक्त सराफाकडे नि किराण्याला कार्ड घासणाऱ्यांना हे माहीत नसतं. आता नकाराच्या पानावर आम्ही मराठीत लिहून ठेवलं आहे: बँकेचं ॲप उघडा, कार्डाच्या सेटिंगमध्ये जा, ऑनलाइन व्यवहार सुरू करा, मर्यादा साडीच्या किमतीपेक्षा जास्त ठेवा. एवढ्या चार ओळींनी अर्धवट राहणाऱ्या ऑर्डरी बऱ्याच कमी झाल्या. गेटवेचा स्वतःचा संदेश इंग्रजीत येतो आणि त्यातून कारण कळत नाही.

दुसरी अडचण आमच्या मालाची आहे. हातमागाच्या पैठणीचा प्रत्येक नग एकच असतो. तोच रंग, तोच काठ, तीच बुट्टी पुन्हा विणली तरी ती दुसरी साडी. समजा एकीने पैसे भरले, ओटीपी टाकला आणि तेवढ्यात फोनची रेंज गेली. बँकेने पैसे कापले, आमच्या साइटला मात्र ते कळलं नाही. ऑर्डर "पेंडिंग" राहते. आमचं ऑनलाइन दुकान ज्यावर चालतं त्या वूकॉमर्समध्ये पेंडिंग ऑर्डरसाठी माल राखून ठेवायची वेळ मुळात ६० मिनिटं असते, ती संपली की साडी पुन्हा विक्रीला खुली. मग दुसरी बाई तीच साडी घेते, आणि नंतर पहिलीचं पेमेंट यशस्वी झाल्याचा निरोप येतो. लग्नासाठी मनात भरलेली साडी गेली, हे कुणालाही सांगणं फार जड जातं. यावर उपाय दोन. राखून ठेवायची वेळ वाढवली. आणि वेबहुक लावून घेतला, म्हणजे ग्राहकाचा फोन बंद पडला तरी गेटवेचा सर्व्हर आमच्या सर्व्हरला परस्पर कळवतो. साइट बनवणारा "नंतर लावू" म्हणाला तर ऐकू नका, पहिल्याच दिवशी लावून घ्या. पैसे कापले गेले आणि दुकानापर्यंत खबर पोचलीच नाही, अशा व्यवहारात रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार पाच दिवसांत पैसे आपोआप परत जायला हवेत, त्यानंतर दिवसाला १०० रुपये भरपाई. घाबरलेल्या ग्राहकाला फोनवर हे सांगता आलं की तिचा जीव भांड्यात पडतो.

सेटलमेंट, म्हणजे गेटवेकडून आमच्या खात्यात पैसे येणं, दोन कामकाजाच्या दिवसांनी होतं. ऐकायला ठीक, पण शुक्रवारी संध्याकाळी विकलेल्या साडीचे पैसे पुढच्या आठवड्यात येतात आणि दिवाळीत सुट्ट्या एकाला एक लागून असतात. एकदा ऐन हंगामात मोठी रक्कम "तपासणीसाठी" अडवून ठेवली. बिल, कुरिअरची पावती, ग्राहकाशी झालेलं बोलणं, सगळं मागितलं. कागद देऊनही उत्तर यायला दिवस गेले आणि त्या काळात फोन उचलायला माणूस नव्हता. या गोष्टीचा मला अजून राग आहे. तेव्हापासून विणकरांच्या मजुरीचा पैसा वेगळ्या खात्यात असतो आणि कार्डाच्या आवकीवर आम्ही तो अवलंबून ठेवत नाही.

आता चार्जबॅक. ग्राहक स्वतःच्या बँकेला म्हणतो, हा व्यवहार मला मान्य नाही, आणि बँक पैसे ओढून घेते. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या बहुतेक तक्रारींना १२० दिवसांची मुदत असते. म्हणजे माघातली विक्री ज्येष्ठापर्यंत कच्चीच धरायची. यात दोन प्रकार आमच्या वाट्याला आले.

पहिला, "व्यवहार मी केलाच नाही." भारतीय कार्डाला ओटीपी लागतो, त्यामुळे हा धोका कमी. परदेशी कार्ड बऱ्याचदा ओटीपीशिवाय जातं, आणि मग चोरीच्या कार्डाचं नुकसान दुकानदाराच्या माथी येतं. थ्रीडी सिक्युअरने, म्हणजे ओटीपीसारख्या जादा पायरीने, पडताळणी झालेली असेल तर ती जबाबदारी साधारणपणे कार्ड देणाऱ्या बँकेकडे जाते. म्हणून परदेशी कार्डांना शक्य तिथे पडताळणी सक्तीची करायला गेटवेला सांगा. कार्ड परदेशातलं आणि पत्ता भारतातला, एवढ्यावरून मात्र ऑर्डर नाकारू नका. लेकी अशाच साड्या पाठवतात. आम्ही पाठवण्याआधी व्हिडिओ कॉलवर साडी दाखवतो. खरी लेक दहा मिनिटं पदर बघत बसते, आईला कोणता रंग शोभेल ते बोलते. खोटा माणूस कॉलवर येतच नाही.

दुसरा प्रकार, "दाखवलं तसं नाही." इथे चूक अनेकदा कुणाचीच नसते. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असलेली धूपछाव पैठणी उन्हात एक दिसते आणि ट्यूबलाइटखाली दुसरी. फोटोत त्यातली एकच छटा येते. आम्ही आता प्रत्येक साडीचे दिवसाच्या उजेडातले आणि घरातल्या उजेडातले असे दोन्ही फोटो टाकतो, पदर उलटा करून मागची बाजू दाखवतो, आणि हातमाग की यंत्रमाग ते पहिल्याच ओळीत लिहितो. सेमी पैठणीला सेमीच म्हणायचं. शुद्ध रेशमाची खूण असलेल्या सिल्क मार्कच्या लेबलचा फोटो, वजन करताना आणि पॅक करतानाचा सलग व्हिडिओ, कुरिअरची सहीची पावती, हे सगळं ऑर्डरच्या क्रमांकाने साठवलेलं असतं. एका वादात हाच गठ्ठा गेटवेमार्फत बँकेकडे पाठवला आणि पैसे परत मिळाले. उत्तर द्यायला मोजकेच दिवस मिळतात. त्या वेळी शोधाशोध करायला घेतलीत तर वाद हातचा गेला. फॉल-पिको झालेली किंवा ब्लाउज पीस कापलेली साडी परत घेत नाही, हेही पैसे भरायच्या पानावरच खूण करून मान्य करून घेतो. आणि परतावा आपणहून दिला तरी आधी कापलेली फी आम्हाला परत मिळत नाही, तेव्हा तो खर्च किमतीत धरलेला बरा.

ऑर्डर देऊन विणवून घ्यायच्या पैठणीला मी कार्डाने आगाऊ रक्कम घेत नाही. साडीला महिने लागतात आणि वादाची मुदत ठरलेल्या डिलिव्हरीपासून मोजली जाते, म्हणजे टांगती तलवार वर्षभर. त्यासाठी बँकेतून एनईएफटी. साडी तयार झाली की उरलेली रक्कम कार्डाने दिली तरी चालते.

उन्हाळ्यात एका रात्री साइटवर पाचशे रुपयांच्या रुमालांवर परदेशी कार्डांचा भडिमार झाला, वेगवेगळी नावं आणि बहुतेक नकार. चोरलेली कार्डं चालतात का हे असं स्वस्त वस्तूंवर तपासतात. परदेशी कार्डासाठी किमान रक्कम ठेवली, पेमेंटआधी कॅप्चा (समोर माणूस आहे की यंत्र ते तपासणारं कोडं) लावला, एका इंटरनेट पत्त्यावरून किती प्रयत्न करता येतील ते बांधून टाकलं. तेव्हापासून शांत आहे.

ईएमआय अजून ठरत नाहीये. ग्राहकांची मागणी खूप आहे, तीस-चाळीस हजारांच्या ब्रोकेड पैठणीला तर पहिला प्रश्न तोच. पण "बिनव्याजी" म्हणून जे देतात त्यातलं व्याज दुकानदाराच्या खिशातून जातं, आणि आमच्याकडे तो खिसा शेवटी मागावर बसलेल्या माणसापर्यंत पोचतो. मजुरीला हात न लावता जमतंय का, याचा हिशोब सीएबरोबर चालू आहे. सध्या साइटवर साधा ईएमआय ठेवला आहे, व्याज ग्राहकाचं, आणि तसं किमतीखाली स्पष्ट लिहिलं आहे.