रक्तदाब असलेल्या धावपटूंसाठीचा जनुकीय हृदय-अहवाल : एक परीक्षण

मला उच्च रक्तदाब आहे आणि मी लांब पल्ल्याचे धावतो. टूडी इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) डाव्या जवनिकेची, म्हणजे हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याची, भिंत किंचित जाड दिसल्यावर, ही जाडी रक्तदाबाची की सरावाची, हे कळावे म्हणून लाळेच्या नमुन्यावरून हृदयाचा जनुकीय अहवाल देणारी एक सेवा मी घेतली. नमुना देणे सोपे होते आणि अहवालही वेळेवर आला.

अहवालात सर्वाधिक भर एसीई जनुकावर आहे. या जनुकाच्या ‘डी’ आणि ‘आय’ अशा दोन आवृत्त्या असतात आणि आई-वडिलांकडून एकेक मिळते. माझा प्रकार ‘डीडी’ (दोन्ही ‘डी’) निघाला आणि त्यासमोर ‘हृदय जाड होण्याचा धोका अधिक’ असे ठळक छापले आहे. या विधानामागे खरे संशोधन आहे. ब्रिटिश लष्करात नव्याने भरती झालेल्या जवानांवरील १९९७ च्या अभ्यासात, १० आठवड्यांच्या प्रशिक्षणानंतर डीडी प्रकारात डाव्या जवनिकेचे वस्तुमान सरासरी सुमारे ४२ ग्रॅमने वाढले, तर ‘आयआय’ प्रकारात जेमतेम २ ग्रॅमने. मात्र ते जवान तरुण आणि निरोगी होते, ही गोष्ट अहवाल सांगत नाही. शिवाय या जनुकापासून बनणाऱ्या एसीई विकरामुळे (एन्झाइममुळे) तयार होणारे अँजिओटेन्सिन-२ हे संप्रेरक रक्तवाहिन्या आकुंचित करून रक्तदाब वाढवते आणि हृदयाच्या स्नायूच्या वाढीलाही चालना देते; म्हणजे हा जनुक रक्तदाब आणि सराव या दोन्ही कारणांनी येणाऱ्या जाडीच्या मुळाशी असू शकतो, आणि म्हणूनच त्या दोहोंतला फरक तो दाखवू शकत नाही. माझ्या प्रश्नाचे उत्तर या पानावर मिळणे मुळातच शक्य नव्हते.

हृदयस्नायूतील एका प्रथिनाच्या एमवायबीपीसी३ या जनुकातील २५ डीएनए-घटक गळालेले आहेत का, याची तपासणी मात्र मला मोलाची वाटली. भारतीय उपखंडातील सुमारे ४ टक्के लोकांत आढळणाऱ्या या बदलाचा हृदयस्नायूच्या विकाराशी संबंध २००९ मध्ये प्रसिद्ध झाला होता, आणि समुपदेशक बाईंनी तो अतिशय शांतपणे समजावून दिला. परंतु स्नायू अतिजाड होण्याच्या आनुवंशिक आजारातील इतर बहुतेक बदल येथे तपासलेच जात नाहीत, हे शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत दिले आहे. ‘दोष आढळला नाही’ हे वाक्य वाचून कोणी निर्धास्त झाला, तर ते धोक्याचे ठरेल.

इटलीतील ९४७ अव्वल खेळाडूंच्या १९९१ च्या पाहणीत केवळ १६ जणांची भिंत १३ मिलिमीटर वा अधिक जाड होती. तेव्हा एवढी जाडी हौशी धावपटूने सरावाच्या खात्यावर टाकू नये. जवनिकेची पोकळी किती मोठी आहे, ती नीट सैलावते का, चोवीस तासांचा रक्तदाब किती राहतो आणि काही महिने सराव थांबवल्यावर जाडी उतरते का, हे हृदयरोगतज्ज्ञांकडून पाहून घ्यावे. पैसे आधी त्यावर खर्च करावेत. घरात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल, तर जनुकतज्ज्ञांच्या सल्ल्याने या आनुवंशिक आजाराशी संबंधित जनुकांच्या संपूर्ण संचाची चाचणी करून घ्यावी.